एन.डी.ए.ची यादी आणि हातातला कॉलेज-प्रवेश



दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर ह्या काळात आपल्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगा एन.डी.ए.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो. मुलाखतीचे बोलावणे आलेले असते, किंवा मुलाखत होऊन शिफारसही झालेली असते, पण यादी लागलेली नसते. इकडे अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या चालू असतात आणि कॉलेजात जागा मिळालेली असते. मग वडील येऊन विचारतात, "सर, फी भरू की थांबू?" घरात एकच कमावता माणूस असतो, फी भरायला सोसायटीकडून कर्ज काढावे लागणार असते, आणि भरलेली फी बुडाली तर ती दुसऱ्यांदा भरण्याची ऐपत नसते. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर "नशिबावर सोडा" असे देता येत नाही. आपल्या धम्मात नशिबाला जागाही नाही.

प्रथम थोडे मागे पाहू. इंग्रजी फौजेत आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या शिपाई होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. ह्याच रेजिमेंटमधून पुढे आलेले जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे देशाचे लष्करप्रमुख झाले. मात्र आपल्या समाजातील किती मुले कमिशन घेऊन अधिकारी झाली, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या गावापुरता, आपल्या वस्तीपुरता विचारून पाहावा. जवान सापडतील, हवालदार सापडतील, सुभेदारही सापडतील. अधिकारी शोधावा लागतो. सुभेदाराच्या पुढची पायरी चढायची तर खडकवासल्याचा दरवाजा हा एक सरळ मार्ग आहे, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. एन.डी.ए.मध्ये आरक्षण नाही. जागा राखीव नाहीत, गुणांत सवलत नाही, वयातही नाही. साडेसोळा ते साडेएकोणीस ही मर्यादा सर्वांना सारखीच. अनुसूचित जातीच्या उमेदवारास फक्त शंभर रुपये परीक्षा शुल्क माफ आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाल्यामुळे ही माफी आपल्यालाही मिळते. दाखला मात्र केंद्र सरकारच्या नमुन्यातील काढून ठेवावा. परंतु ह्यावरून "मग आपल्याला कोण घेणार" असा निष्कर्ष काढणारे पालक भेटतात, तो निष्कर्ष चुकीचा आहे. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखीची सीमा ९०० पैकी ३६० आणि अंतिम सीमा १८०० पैकी ७२० होती. म्हणजे एकूण चाळीस टक्के. आपल्या मुलांना हे गुण अशक्य नाहीत. अडचण गुणांची कमी आणि माहितीची जास्त असते.

प्रवेश कधी झाला म्हणायचे?

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण. लेखी उत्तीर्ण झालेल्यांना सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एस.एस.बी.ला, जावे लागते. ती मुलाखतसुद्धा ९०० गुणांची. भोपाळ, अलाहाबाद (आताचे प्रयागराज), बंगलोर, म्हैसूर, डेहराडून अशा ठिकाणी पाच दिवस राहावे लागते. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून चर्चा होऊन बरेच उमेदवार परत पाठवले जातात. मुले त्याला 'स्क्रीन आउट' म्हणतात. राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये व व्यक्तिगत मुलाखत होते. शेवटच्या दिवशी मंडळाची बैठक होऊन शिफारस झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले जातात.

हा नंबर पुकारला की घरी फोन जातो आणि संध्याकाळी पेढे वाटले जातात. आजकाल तर दुसऱ्या दिवशी चौकात फलकही लागतो. पेढ्यांना माझा विरोध नाही. फलकाला आहे. कारण शिफारस म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर वैद्यकीय तपासणी असते. मग आयोग लेखी आणि मुलाखत यांचे गुण मिळवून गुणवत्ता यादी लावतो. त्या यादीत वैद्यकीय निकाल धरलेला नसतो. चारशेच्या आसपास जागा असताना यादीत सहाशेवर नावे असतात. अलीकडच्या अधिसूचनांत भूदलाच्या २०८, नौदलाच्या ४२, हवाई दलाच्या १२० आणि शिवाय नौदल अकादमीच्या काही जागा असे वाटप दिसते. म्हणजे यादीत पाचशेसाठावे नाव असलेल्या मुलाचे नाव वर्तमानपत्रात आले तरी वरची मुले वैद्यकीय कारणाने गळाली, किंवा दुसरीकडे गेली, तरच त्याचा क्रमांक लागणार. त्याने दिलेला सेनादलांचा पसंतीक्रमही ह्यात मोजला जातो. ज्याने भूदल मागितलेच नाही त्याला भूदलातील रिकामी जागा मिळत नाही.

प्रत्यक्ष रुजू होण्याचे पत्र हातात पडले म्हणजे प्रवेश. त्याच्या अलीकडचे सगळे टप्पे आशेचे आहेत.

दोन परीक्षा, दोन वेगळी गणिते

सप्टेंबरची परीक्षा बारावीत असतानाच दिली, तर मुलाखती साधारण हिवाळ्यात होतात, अंतिम यादी एप्रिलच्या सुमारास लागते आणि जुलैच्या आरंभी अभ्यासक्रम सुरू होतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परीक्षा दिलेल्यांचा वर्ग जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. ह्यात कॉलेजचा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण राज्याच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्यापूर्वी बहुतेक उलगडा झालेला असतो. त्रास वेगळा असतो. मुलाखत आणि बारावीची बोर्ड परीक्षा जवळजवळ येतात. मुलाखतीची तारीख निवडण्याची सोय संकेतस्थळावर असते, तिथे पहिल्याच दिवशी बसून बोर्डापूर्वीची तारीख घ्यावी. आणि शिफारस झाली म्हणून बारावीचा अभ्यास सोडू नये. भौतिक, रसायन व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर हवाई दल आणि नौदलाची जागा हातची जाते. भूदलाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण बारावी लागतेच.

एप्रिलची परीक्षा दिली तर मात्र खरी ओढाताण. २१ एप्रिल २०२४ ला परीक्षा झाली, ऑक्टोबरच्या अखेरीस यादी लागली आणि २ जानेवारी २०२५ ला अभ्यासक्रम सुरू झाला. ह्या आठ महिन्यांत सी.ई.टी.चा निकाल, बारावीचा निकाल, प्रवेशफेऱ्या, फी, वसतिगृह आणि पहिले सत्र हे सर्व येऊन जाते.

ह्या ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे : हातात आलेला प्रवेश घ्यावा आणि वर्गात बसावे.

असे ठामपणे म्हणण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाची शिफारस झाली. वडील एस.टी.त कंडक्टर. मुलाला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळत होती. "आता काय, जानेवारीत जाणारच आहे, उगाच फी कशाला" असे घरात ठरले आणि जागा सोडून दिली. तेव्हा माझा सल्ला विचारला होता. मी "तुमचे तुम्ही पाहा" असे म्हणालो, कारण शिफारस झालेल्या मुलाच्या बापाला शंका सांगणे मला बरे वाटले नाही. वैद्यकीय तपासणीत त्याला रंग ओळखण्याच्या दोषामुळे नाकारले. ह्या दोषाची त्याला किंवा घरच्यांना कल्पनाच नव्हती. नोव्हेंबरमध्ये त्याच्या हातात काहीही नव्हते. पुढच्या वर्षी त्याने सी.ई.टी. पुन्हा दिली, आणि मिळाली ती खाजगी कॉलेजातील जागा. वर्ष गेले, पैसे गेले, आणि बोलण्याच्या वेळी मी बोललो नाही ही रुखरुख मला राहिली.

म्हणून अर्ज करण्यापूर्वीच डोळे, रंगदृष्टी, कान, दात, सपाट तळवे, गुडघे आणि वजन तपासून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. कानातील मळ, वाढलेले वजन, हायड्रोसील यांसारखे दोष दुरुस्त होण्यासारखे असतात. लष्करी रुग्णालयात 'अपात्र' लिहून आले तर वरच्या मंडळाकडे अपील करण्याची मुदत आणि ठिकाण तिथल्याच अधिकाऱ्याकडून लेखी समजून घ्यावे. ही मुदत ४२ दिवसांची धरली जाते. बाहेर पडून एजंटाला विचारू नये. रंगदृष्टीवर मात्र औषध नाही. ते आधी कळले, तर मुलगा वेळेवर दुसरी वाट धरतो.

कॉलेज निवडताना

थांबण्याच्या काळासाठी घेतलेले कॉलेजसुद्धा 'वेळ काढण्याचे' म्हणून घेऊ नये. कदाचित तेच चार वर्षांचे घर होणार आहे. तीन मुलांच्या मागे तीन वेगळी परिस्थिती असते. शासकीय अभियांत्रिकीची जागा मिळत असेल तर ती घ्यावी, दुसरा विचार नको. दूरच्या खाजगी कॉलेजची लाखाच्या वरची फी कर्ज काढून भरायची असेल, तर त्याऐवजी जवळच्या चांगल्या महाविद्यालयात बी.एस्‌सी. करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, विशेषतः तिथे एन.सी.सी.चे पथक असेल तर. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र मिळाल्यावर पदवीनंतर खास प्रवेशाची वाट मोकळी होते. ज्यांना 'नीट'मध्ये एम.बी.बी.एस.ची जागा मिळण्याइतके गुण आहेत त्यांचा प्रश्न निराळा. त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचीही चौकशी करावी.

फी भरण्यापूर्वी प्रवेश रद्द करण्याचा नियम माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावा. राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत शेवटच्या तारखेपूर्वी प्रवेश रद्द केला तर किरकोळ रक्कम कापून फी परत मिळते. त्यानंतर अनामतीपलीकडे हाती फारसे येत नाही. एन.डी.ए.ची यादी बहुधा त्या तारखेनंतर लागते. म्हणजे ही फी गेली असे धरूनच निर्णय घ्यायचा आहे. घरात हे मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे, नाहीतर पुढे मुलाला "तुझ्यापायी एवढे गेले" असे ऐकावे लागते.

आपल्या मुलांची फी बहुतेक वेळा भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून भागते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर अर्ज होतो. मुलगा मधूनच निघून गेला आणि शिष्यवृत्तीचे पैसे कॉलेजला मिळाले नाहीत, तर कॉलेज ती रक्कम पालकाकडे मागू शकते. हे प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात विचारून ठेवावे, आणि शक्य तर लेखी घ्यावे.

कागदपत्रांचे तर विचारूच नका. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका कॉलेजात जमा असतात आणि रुजू होण्यास मूळ प्रती लागतात. एका मुलीच्या वेळी कार्यालयातील कारकून रजेवर, कपाटाची किल्ली त्याच्यापाशी, आणि गाडी दुसऱ्या दिवशी, असा प्रसंग आला होता. यादी लागताच त्याच आठवड्यात प्राचार्यांना अर्ज द्यावा. प्रत्येक कागदाच्या पाच साक्षांकित प्रती घरी ठेवाव्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग इतर कागदांशी जुळते की नाही हे अर्ज करण्याआधी पाहावे. आपल्याकडे गावच्या शाळेत एक नाव आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे, हे फार असते. अभियांत्रिकीच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्याला वेळ लागतो. एन.डी.ए.ला ते लागत नाही म्हणून बारावीत त्याचा अर्जच केला नाही, आणि मग एन.डी.ए. हुकली व कॉलेजची राखीव जागाही धोक्यात आली, असे होऊ देऊ नये.

दोन्ही मिळाले तर?

हा सुखाचा प्रश्न आहे, पण सोपा नाही. खडकवासल्याला तीन वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. पुढे भूदलासाठी डेहराडून, हवाई दलासाठी दुंडिगल, नौदलासाठी एळिमला. मात्र ह्या तीन वर्षांत पगार नसतो; विद्यावेतन डेहराडूनसारख्या पुढच्या अकादमीत गेल्यावर सुरू होते. रुजू होताना कपडे, हातखर्च, विमा यांसाठी काही हजारांची रक्कम पालकांना भरावी लागते. तिचा ताजा आकडा अधिसूचनेच्या परिशिष्टात असतो. कमी उत्पन्नाच्या पालकांसाठी राज्य सरकारकडून साहाय्याची तरतूद आहे, ती मागावी, लाजू नये. आणि पालकांना एका बंधपत्रावर सही करावी लागते. मुलाने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडले तर झालेला खर्च परत करावा लागतो. म्हणजे "जाऊन तर पाहू, नाही जमले तर परत येऊ" हा हिशेब तिथे चालत नाही.

उलट बाजूने पाहिले तर साडेएकोणीस वर्षांनंतर एन.डी.ए. परत मिळत नाही. पण सैन्याचे दार तेवढ्याने बंद होत नाही. पदवीनंतर सी.डी.एस. परीक्षा आहे, हवाई दलाची ॲफकॅट आहे, अभियंत्यांसाठी भूदलाचा तांत्रिक पदवीधर प्रवेश आहे. बारावीनंतरच 'जे.ई.ई. मेन'च्या गुणांवर भूदलाची टी.ई.एस. आणि नौदलाची बी.टेक. प्रवेश योजना आहे. त्यांचे अर्ज एन.डी.ए.बरोबरच भरावेत. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतर मुलांची तयारी करून घेते, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. मुलींच्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांच्यातील सतरा जणी पहिल्या तुकडीत बाहेर पडल्या.

त्यामुळे ज्याला गणवेश मनापासून हवा आहे त्याने चांगले कॉलेजही सोडून जावे. ज्याला केवळ घरची फी वाचते म्हणून जायचे आहे, त्याला मी परावृत्त करतो. पाच दिवसांच्या मुलाखतीत तो टिकला तरी पहाटेच्या कवायतीत तीन वर्षे टिकेलच असे नाही.

एका आजीचा प्रश्न

एका शिफारस झालेल्या मुलाच्या आजीने विहारात मला विचारले, "गुरुजी, आपण बुद्धाची लेकरं. मग पोरानं बंदूक कशी धरायची?" अशा प्रश्नाला हसून उडवू नये. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोन प्रसंग आहेत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांशी युद्ध करू पाहतो तेव्हा सिद्धार्थ एकटा विरोध करतो व देशत्याग स्वीकारतो. आणि सिंह सेनापती भगवान बुद्धांना अहिंसेविषयी शंका विचारतो, तेव्हा त्याला सेनापतीपद सोडण्यास सांगितले जात नाही. हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज ह्यांतील फरक बाबासाहेबांनी तिथे समजावून दिला आहे. दुसऱ्या बाजूला, राजाच्या नोकरीत असलेल्या सैनिकाला भिक्खुसंघात घेऊ नये असा विनयात नियम आहे. मुलाने हे सगळे वाचावे आणि कालामांना सांगितल्याप्रमाणे स्वतः तपासून ठरवावे. आजीला मी एवढेच म्हणालो, "आजी, त्याला तुम्हीच विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका." मुलाखतीतही हा प्रश्न येऊ शकतो आणि पाठ केलेले उत्तर तिथे लगेच ओळखू येते.

राहता राहिले थांबणे. लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. यादीची वाट पाहणारा मुलगा हे आठही एका आठवड्यात अनुभवतो. सकाळी शेजारी "साहेब" म्हणतात, संध्याकाळी तेच "अजून गेला नाही का" विचारतात. रोज दहा वेळा संकेतस्थळ उघडून यादी लवकर लागत नाही. पहाटे धावणे, वर्गात हजेरी आणि रात्री पुढच्या परीक्षेचे गणित हा क्रम ठेवलेल्या मुलांना हा काळ सोपा जातो, असे मी पाहिले आहे. विहारात सकाळी वीस मिनिटे आनापानसतीला बसणारी मुले तर मुलाखतीतही कमी गडबडतात.

यंदा आपल्या अभ्यासिकेतील एका मुलीची शिफारस झाली आहे. तिने शासकीय तंत्रशास्त्राची जागा घेतली आहे, कागदांच्या साक्षांकित प्रतींची पिशवी समितीच्या कपाटात ठेवली आहे आणि पुढच्या सी.डी.एस.ची पुस्तके आतापासूनच मागितली आहेत. तिच्या आईने फलक लावायला आलेल्या मुलांना परत पाठवले. "पत्र येऊ द्या," एवढेच ती म्हणाली, आणि मुलीला कॉलेजच्या बसपर्यंत सोडायला गेली.